आतून रंगवलेला बैल

मंचरजवळ कळंबला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी खोली दाखवलीच नाही, खोलीतले दोष दाखवले. खिडकीचं एक दार फुगलेलं, त्यावर पिवळ्या कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा. मोरीतली फरशी एका कोपऱ्यात खचलेली, तिथे तुकडा. पंख्याच्या एका पात्यावर तुकडा. "एवढं सोडलं तर खोली ओके हाय," ते म्हणाले. भाडेकरू यायच्या आधीच घराची नालस्ती करणारा मालक मी पहिल्यांदाच बघत होते. मंचरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मला नुकती नोकरी लागली होती आणि रोज जुन्नरहून एसटीने येऊन-जाऊन जीव मेटाकुटीला आला होता. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

ती पट्टी फक्त माझ्या खोलीपुरती नव्हती, हे राहायला गेल्यावर कळलं. काकांच्या, म्हणजे घरमालकांच्या, खिशात कायम एक रोल असायचा आणि जिथे दोष दिसेल तिथे तुकडा चिकटवून ते पुढे जायचे. कुकरच्या सैल कानावर, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर अगदी ओरखड्याच्या शेजारी, माझ्या चपलेच्या उसवलेल्या पट्ट्यावर. बोलायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं चिकटवायचं. एकदा पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीच्या दारावर तुकडा लावला आणि वरातीत ती गाडी तशीच मिरवली. काकूंनी केलेली भाकरी कडेला जाड झाली तर भाकरीला पट्टी चिकटत नाही म्हणून ते ताटाच्या काठाला लावायचे. काकू ताट घासताना तो तुकडा नखाने काढायच्या आणि पाटाखाली चिकटवून ठेवायच्या. पाट एकदा उलटा पडला तेव्हा मी बघितलं, खालची बाजू पिवळी धमक झाली होती.

काका चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. शेवटची तपासणी त्यांच्याकडे. दोन्ही बाजूंनी ट्यूबलायटी लावलेल्या बोगद्यातून रंगवलेली गाडी समोर यायची, काकांनी हात फिरवायचा, कुठे रंग ओघळलाय, कुठे धुळीचा कण बसलाय, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत झालाय ते शोधायचं आणि पट्टी लावायची. उभी नोकरी त्यात गेली.

"चांगल्या गाडीकडं बघायला मला कुनी येळच दिला न्हाई," ते एकदा म्हणाले. "चांगली गाडी म्होरं जायाची. नासकी माज्यापाशी थांबायची."

निवृत्तीनंतर मात्र त्यांनी एक भलताच उद्योग धरला. रिमोटवर पळणाऱ्या मोटारी असतात ना, त्यांच्या बॉड्या रंगवायचा. ही पोरांची खेळणी नव्हेत. पुण्यातली, पिंपरीची मोठमोठी माणसं या गाड्या पळवतात, शर्यती लावतात, आणि आपली गाडी दुसऱ्यासारखी दिसू नये म्हणून रंगाऱ्याकडे देतात. बॉडी येते ती काचेसारखी आरपार दिसणारी, पातळ प्लॅस्टिकची. काका तिला टरफल म्हणायचे. गंमत अशी की ते टरफल बाहेरून रंगवतच नाहीत, आतून रंगवतात. म्हणजे गाडी दगडांवरून कितीही कोलांट्या खावो, रंग आत सुरक्षित. बाहेरच्या अंगाला एक पातळ कागद कंपनीतूनच चिकटलेला असतो. रंगाचे फवारे उडून तो धुरकट होतो आणि सगळं झालं की सोलून टाकायचा. मग खाली गाडीचा लखलखीत टप दिसतो.

माझ्या खोलीच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. सुट्टीच्या दिवशी चहाचा कप घेऊन मी पायरीवर बसायची आणि ते काम बघायची. बघताना डोकं उलटं व्हायचं, कारण आतून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा. एरवी आपण आधी मोठा रंग देतो आणि मग वरून बारीक नक्षी काढतो. इथे बारीक नक्षी आधी, तिच्या पाठीवर मोठा रंग, आणि सगळ्यात शेवटी चंदेरी हात, रंग आरपार दिसू नये म्हणून. डावं-उजवंही उलटं. काका बाहेरच्या कागदावर शाईच्या पेनाने खुणा करून घ्यायचे आणि मग टरफल उपडं मांडीवर घेऊन आतून त्या खुणांवर रंग भरायचे.

"बाहेरून रंगवनाऱ्याला मजा हाय, मॅडम," ते मान वर न करता म्हणायचे. "चुकलं तर वरून दुसरा हात मारतोय. हितं पयला हात बसला की बसला. माघारनं किती बी रंग वता, दिसनार पयलाच."

आणि या माणसाने, ज्याला जगात कुठेही दोष दिसल्याशिवाय राहायचा नाही, स्वतःच्या कामासाठी एक नियम केला होता. वरचा कागद तो कधीच सोलायचा नाही. रंग वाळेपर्यंत टरफल उपडंच ठेवायचा, वाळलं की न बघता वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. "तुमी सोला. घरी जाऊन सोला." पुण्याचा एक डॉक्टर हौसेने जिन्याखालीच सोलायला लागला तर काका उठून गोठ्याकडच्या नळावर हात धुवायला निघून गेले आणि तो जाईपर्यंत हातच धूत राहिले. डॉक्टर मला म्हणाला, "अप्रतिम केलंय हो! त्यांना बोलवा ना." मी बोलवलं नाही. मला तोवर कळून चुकलं होतं. बघितलं असतं तर काकांना त्यात दोषच दिसला असता, दुसरं काही बघायची सवयच त्यांच्या डोळ्याला नव्हती. आपल्या हातची एवढी एक गोष्ट त्यांनी त्या डोळ्यांपासून वाचवली होती.

काकूंच्या वाट्याला अशी सूट नव्हती, याचा मात्र मला राग यायचा. तो राग मी त्यांना बोलूनही दाखवला होता. "काका, चांगल्या भाकरीला कुठली पट्टी लावता?" ते खरंच विचारात पडले. "चांगल्या भाकरीला कशाला लावायची?" म्हणाले. कपाळाला हात लावून मी वर निघून गेले.

आबा आले ते फाल्गुनात. डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला, घोड नदीकाठच्या एका गावचे हे म्हातारे शेतकरी. बैलगाड्याच्या शर्यतीचे शौकीन म्हणजे आमच्याकडे घरोघर सापडतात, पण आबांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्याकडे कवड्या नावाचा बैल होता. पांढराशुभ्र, आणि उजव्या डोळ्याभोवती काळा डाग. तयार होऊन तो एकदाच, दुसऱ्या गावच्या शर्यतीच्या घाटात पळाला आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. त्यानंतर शर्यतींवर बंदी आली. बंदी उठेपर्यंत वर्षं उलटली आणि कवड्याची पळायची उमेद गोठ्यात दाव्याला गेली. आता त्याचे दात झिजले होते आणि मागचे पाय कापायचे.

"आपल्या गावच्या घाटात त्यो कदी पळलाच न्हाई," आबा म्हणाले. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा होता, मंचरच्या बाजारात बटाट्याचा व्यापारी, आणि त्याच्या काखेत रिमोटची गाडी. "ह्यानं ही आनलीया. लई पळती. तिला माजा कवड्या करा, पेंटर. चैत्रात यात्रा हाय. बैलाच्या डोळ्यादेकत त्याला एकदा घाटात पळवायचाय. म्होरल्या यात्रंला त्यो न्हाई राहायचा."

मुलगा ओशाळून म्हणाला, "आबांनी हट्टच धरलाय. शिंगं पण लावा म्हणतात."

"शिंगं न्हाई," काका म्हणाले. "वाऱ्यानं पलटी खाईल." मग जरा थांबून म्हणाले, "बैल बघाया लागंल."

मला वाटलं होतं एकदा जाऊन फोटो काढून आणतील. काका फोटो काढत नसत. फोटोत रंग खोटा येतो, हे त्यांचं मत. ते सकाळच्या गाडीने जायचे, गाडी आली नाही तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचे, आणि संध्याकाळपर्यंत गोठ्यात कवड्याच्या समोर पाटावर बसून राहायचे. आबांची सून त्यांना जेवायला वाढायची. एकदा मलाही सुट्टी होती म्हणून मी गेले. बैल रवंथ करतोय आणि काका त्याच्याकडे बघताहेत. दोघंही एका शब्दाने बोलत नव्हते.

"पांढरा न्हाईच हाय त्यो," परत येताना ते मला म्हणाले. "मानंवर निळी झाक हाय. पोटाला मातकट. कानात गुलाबी. आन् त्यो काळा डाग काळा न्हाई, जांभळाच्या रंगाचा हाय."

"आणि दोष?" मी मुद्दाम विचारलं.

 "मागला डावा खूर वाकडा हाय," ते म्हणाले. "पन म्यां पट्टी न्हाई लावली." हे त्यांनी असं सांगितलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

रंगवायला बसले त्या दिवशी मी पायरीवरच होते. नेहमीचं शाईचं पेन त्यांनी हातात घेतलंच नाही.

"खुणा नाही करायच्या?"

"कशाला? पाठ झालाय मला."

टरफल उपडं मांडीवर घेतलं, तोंड स्वतःकडे. आधी कानातला गुलाबी, मग तो जांभळट काळा डाग डोळ्याच्या जागी येणाऱ्या दिव्याभोवती, मग मानेची निळी झाक, मग त्यांच्या पाठीवर पांढरा, शेवटी चंदेरी. हात इतका सलग चालला होता की मी बोलले नाही. माणूस खुशीत असला की कसा दिसतो ते काकांच्या बाबतीत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. रंग वाळल्यावर त्यांनी नेहमीसारखं न बघता वर्तमानपत्रात गुंडाळलं.

यात्रेला आबांनी आम्हा तिघांना टेम्पो पाठवून बोलावून घेतलं. काकू सहसा कुठे यायच्या नाहीत, त्या दिवशी नवं लुगडं नेसून आल्या. घाट म्हणजे डोंगराच्या पोटाला चढत गेलेली शर्यतीची वाट, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बैलगाड्यांची पहिली बारी सुटायच्या आधी आबांच्या गाडीला परवानगी मिळाली होती. कवड्याला झूल घालून, शिंगांना रंग लावून, दोघं जण धरून घाटाच्या तोंडाशी घेऊन आले होते. सावकाश, कापऱ्या पायांनी आला बिचारा. स्पीकरवाला ओरडत होता, "लक्ष द्या, लक्ष द्या! पयल्या बारीच्या आदी आबांचा कवड्या पळनार हाय! बैल न्हाई, गाडी हाय, हसू नका राव!"

लोक अर्थात हसले. आबांनी गाडीवर चढवलेल्या टरफलाचं वर्तमानपत्र सोडलं, कागदाचा कोपरा नखाने उचलला आणि सोलत नेला. काका नेहमीप्रमाणे पाठ फिरवून टेम्पोकडे निघाले होते.

हसणं हळूहळू थांबलं. ऊन पडलं आणि त्या एवढ्याशा टपावर बैलाचं कातडं दिसायला लागलं. निळी झाक, मातकट पोट, कानातला गुलाबी. माझ्या शेजारच्या माणसाने नकळत टोपी सरळ केली. आबा मात्र टपाकडे बघत तसेच उभे होते. मग त्यांनी वळून कवड्याकडे बघितलं, परत टपाकडे बघितलं.

"पेंटर," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "डाग डाव्या डोळ्याला आलाय हो. ह्यो माजा बैल न्हाई."

काका जागच्या जागी थांबले. काय झालं ते त्यांना तिथेच, न बघता कळलं असणार. इतके दिवस ते बैलाच्या समोर बसले होते. समोरच्या बैलाचा उजवा डोळा त्यांच्या डाव्या हाताला. तेच चित्र मनात धरून त्यांनी उपड्या टरफलात, खुणा न करता, आपल्या डाव्या हाताला डाग रंगवला. आणि उपडं टरफल सरळ केलं की त्यांचा डावा हात म्हणजे गाडीचंही डावंच अंग. हजारदा उलटं काम केलेला माणूस त्या एका दिवशी सरळ वागला आणि फसला.

मुलगा म्हणाला, "आबा, कोणाच्या लक्षात येतंय?" आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. बैल ओळखणाऱ्या माणसाला डावं-उजवं काय, शेपटीचा केस इकडचा तिकडे झालेला कळतो.

काका परत आले. टपासमोर उभे राहिले. आपण रंगवलेलं टरफल ते माझ्या देखत पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी खिशातून रोल काढला, तुकडा फाडला आणि एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या हाताने त्या काळ्या डागावर चिकटवला. "रिजेक्ट हाय," म्हणाले. "माजी चूक. पळवू नगा."  मला त्यांच्याकडे बघवेना. 

काकू पुढे झाल्या. बायका घाटात फारशा उतरत नाहीत, लोक बाजूला सरकले. ताटाच्या काठावरचा तुकडा काढायच्या तशाच सहज त्यांनी तो तुकडा नखाने काढला आणि आपल्या पदराला चिकटवला.

"आबा," त्या म्हणाल्या, "कवड्यानं सोताला कदी बगितलंय का?"

आबांना कळेना. "त्यो कुठं बगनार?"

"हाळावर पानी प्यायला वाकतो तवा बगतोच की. पान्यात त्याला डाग कुटल्या अंगाला दिसत आसंल? ही गाडी म्होरं धरा त्याच्या. त्याला वळखू येतीया का बगा. दाखवायचं तर त्यालाच हाय ना तुमाला?"

आबांनी काकूंकडे बघितलं. मग खाली बसले आणि गाडी कवड्याच्या तोंडासमोर, तोंडाला तोंड लावून ठेवली. मी मागून बघत होते. बैलाचा डागाळलेला डोळा आणि टपावरचा डाग एकाच अंगाला, अगदी समोरासमोर आले होते. कवड्याने मान खाली घातली, फुरफुरला आणि नाकाने गाडीला ढोसलं. गाडी हातभर मागे गेली. आबा मोठ्याने हसले आणि हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले.

"सोड रं," ते मुलाला म्हणाले.

गाडी सुटली. धुरळ्यात पांढरा ठिपका घाट चढत गेला आणि दोन्ही बाजूंनी भंडारा उधळला गेला, खऱ्या गाड्याला उधळतात तसाच. खरा प्रकार मात्र खाली झाला. त्या आवाजाने म्हाताऱ्या कवड्याचे कान उभे राहिले आणि त्याने असा हिसडा दिला की दावं धरलेले दोघं जण फरफटले. चार पावलं का होईना, तो घाटात पळाला. आबा त्याच्या बाजूने धोतर सावरत पळत होते आणि नाव घेऊन ओरडत होते. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचा प्रयत्नही मी केला नाही. काका गाडीकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या पदराला चिकटलेल्या तुकड्याकडे बघत होते.

 दुसऱ्या दिवशी काकांनी नवं टरफल मागवलं. या वेळी बाहेरच्या कागदावर डावं कुठलं, उजवं कुठलं ते चारी बाजूंनी लिहून काढलं, मोजमाप घेतलं, डाग बरोबर उजव्या डोळ्याला रंगवला. गुंडाळून ठेवलं आणि आबांना निरोप धाडला.

आबा आले ते पावसाळा सरताना. हातात काही नव्हतं. "कवड्या गेला, पेंटर," त्यांनी दारातच सांगितलं. काकूंनी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. "ती गाडी हाळाच्या वरती टांगलीया. खाली पान्यात बगितलं की डाग बराबर जागेवर दिसतुया, उजव्या डोळ्याला. सकाळच्या पारी जाऊन बगून येतो." काकांनी गुंडाळलेलं दुसरं टरफल पुढे केलं तेव्हा त्यांनी ते हळूच मागे सारलं. "ऱ्हाऊ द्या. आमचा एकच व्हता."

ते टरफल मग जिन्याखालच्या फळीवर तसंच राहिलं. घरात मात्र एक फरक पडला. ताटाच्या काठावर पट्टी दिसायची बंद झाली. बाकी जगाला सूट नव्हती. माझ्या नव्या स्कूटरला पहिल्याच आठवड्यात तीन तुकडे लागले.

मला नारायणगावच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी खोली सोडली त्या दिवशी सामान टेम्पोत चढवताना काका ते वर्तमानपत्रातलं पुडकं घेऊन आले. "न्या. हितं पडून काय करायचंय."

"मग आत्ता सोलते," मी म्हणाले, "आणि तुम्ही बघायचं. नळावर जायचं नाही."

काकू दारात उभ्या होत्या. काका घुटमळले, पण गेले नाहीत. मी कागद सोलला. डाग उजव्या डोळ्याला, निळी झाक मानेवर, कुठे धुळीचा कण नाही, कुठे ओघळ नाही. त्यांनी टरफल हातात घेतलं, उन्हात धरलं, बोगद्यातल्या गाडीवर फिरवत असतील तसा तळवा त्याच्यावरून फिरवला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मी आणि काकू वाट बघत राहिलो.

"ह्याच्यात चूक न्हाई," ते म्हणाले. "आन् बैलबी न्हाई."

आणि खिशातून रोल काढून त्यांनी एक तुकडा फाडला, तो टपाच्या बरोबर मधोमध चिकटवला, आणि टरफल माझ्या हातात दिलं.